आधी मनगट, मग पोट

गुरुवारची सकाळ होती आणि कामोठ्यात गोजराबाईंच्या इमारतीसमोर रिक्षाला वळायला जागा उरली नव्हती. इमारतीखाली तीन गाळे. पहिल्यात मोबाईल दुरुस्तीवाला, दुसऱ्यात चायनीजवाला आणि तिसऱ्यात, गेल्या दिवाळीपासून, साक्षात परब्रह्म. शटरवर बोर्ड होता: ‘गर्भनाद साधना केंद्र. चपला बाहेर काढाव्यात, शंका बाहेर ठेवाव्यात.’ चपलांचा ढीग पायरीपर्यंत आला होता. शंका मात्र लोक घरीच ठेवून आले असावेत.

आत पुढच्या रांगेत पोटुशा बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. त्यांच्या मागे सासवा, आणि सासवांच्या मागे फोन उंच धरून उभे राहिलेले नवरे. समोर गर्भनाद महाराज. वय पंचेचाळीस, रंग उजळ, कानाला माइक आणि जिभेला हाड नाही.

“विज्ञान काय सांगतं? विश्व म्हणजे व्हायब्रेशन. क्वांटम म्हणजे काय? कणाकणात ओम. डॉक्टर काय दाखवतो? बाळाचा फोटो. आम्ही काय ऐकवतो? बाळाचा आत्मा. आता माउल्यांनो, तुम्हीच सांगा, फोटो मोठा का आत्मा मोठा?”

“आत्मा,” सासवा एका सुरात म्हणाल्या.

मग नादस्फटिक आला. नारळाएवढा पारदर्शक दगड, खाली पितळी बैठक. पडद्याआड, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा बेतानं, महाराजांनी पहिल्या बाईच्या पोटाला चंदनलेप लावला आणि स्फटिक बैठकीसकट त्यावर टेकवला. आधी बारीक शिट्टी आली, मग खरखर, आणि मग गाळ्यातल्या चारही स्पीकरमधून घोड्याच्या टापांसारखा आवाज घुमू लागला. धबक धबक धबक धबक. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, अडुसष्ट वर्षांच्या डॉ. वैजयंती निकाळजे उभ्या होत्या. त्या याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. असल्या ठिकाणी त्या पाऊल ठेवत नसत, पण मालकीणबाईंनी हाताला धरून आणलं होतं. “आज माज्या सुनेचा नंबर हाय, मॅडम. तुमी सायन्सवाल्या. याच, नि आपल्या कानानं ऐका.”

वैजयंतीबाईंनी ऐकलं. टापांच्या आवाजाचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांचे कान टवकारले ते आधीच्या बारीक शिट्टीनं. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद येणारी, किंचित चढत जाणारी ती शिट्टी त्या पंचवीस वर्षांपूर्वी सहा महिने खपून घालवायला बघत होत्या, आणि ती शेवटपर्यंत गेली नव्हती. आपल्या हातचा दोष माणूस कुठेही ओळखतो.

त्यांचं अख्खं आयुष्य स्फटिकांत गेलं होतं. काही स्फटिक असे असतात की ते दाबले की त्यांतून वीज निघते, आणि त्यांना वीज दिली की ते थरथरतात. एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं काढली. लोक विचारायचे, उपयोग काय याचा? त्या गॅसच्या लायटरकडे बोट दाखवायच्या. खरा उपयोग त्यांच्या मनात लहानपणापासून होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता.

त्यांची आई केशरबाई परभणीकडच्या एका गावात सुईण होती. पोटाला कान लावून ती बाळाचा ठोका ऐकायची, आणि पंचक्रोशीत तिच्या कानाला मान होता. एकदा तिनं धाकट्या जावेच्या पोटाला कान लावला आणि म्हणाली, ठोका हाय, बाळ खुशाल हाय, सकाळपर्यंत दम धरा. सकाळी बाळ मेलेलं निघालं आणि दुपारी जाऊ गेली. केशरबाईनं ऐकला होता तो जावेचाच ठोका. घाबरलेल्या बाईचं काळीज इतक्या जोरात पळत होतं की ते बाळाचं वाटलं. त्यानंतर केशरबाईनं कुणाच्या पोटाला कान लावला नाही, आणि नऊ वर्षांच्या वैजयंतीनं ते घरात बसून पाहिलं होतं.

म्हणून वैजयंतीबाईंनी ‘ठोका’ बनवला. मुठीत मावणारी करडी डबी, तिच्या तोंडाशी स्फटिकाच्या दोन चकत्या. एक चकती कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडते, तो पळत्या रक्तावर आदळून परत येतो, दुसरी चकती त्याची वीज करते आणि डबीतला स्पीकर ती ऐकवतो. खेड्यापाड्यांतल्या सुइणींना परवडावा म्हणून त्यांनी त्यात आकडे दाखवणारी पट्टी बसवली नाही. मोजायचं घड्याळाकडे बघून. आणि झाकणाच्या आत ठळक कागद चिकटवला: ‘आधी मनगट, मग पोट.’ म्हणजे आधी आईची नाडी धरायची, मग पोटातला आवाज ऐकायचा, आणि दोन्ही ठोके वेगळे असतील तरच बाळ आहे म्हणायचं. चार हजार डब्या निघाल्या. मग पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रं आली, कारखाना बंद पडला, उरलेला माल भंगारात गेला. भंगारातून तो कुठे गेला, ते आज त्यांच्या समोर पितळी बैठकीत बसलं होतं. चंदनलेपात चंदन नुसतं वासापुरतं होतं. यंत्राच्या तोंडाला लावायची ती साधी जेली होती, कारण मधे हवा राहिली तर हा आवाज अंगात शिरतच नाही.

“भाविका कुंदन,” सेवकानं पुकारा केला.

भाविका उठली. आठवा महिना, पावलं सुजलेली, चेहरा उतरलेला. आधी दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं. ती महाराजांना हळूच काहीतरी म्हणाली, पण माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “काल दुपारपासून हललं नाहीये.”

महाराज हसले.

“माउली, बाळ समाधीत गेलंय. योगी समाधीत बसला की हलतो का? लाखात एखाद्या गर्भाला हे भाग्य. आता नऊ दिवस दवाखान्याचं नाव नको. मशीनच्या किरणांनी समाधी भंगते. तुझा विश्वास बसत नाही? ऐक.”

शिट्टी, खरखर, आणि मग धबक धबक धबक. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वैजयंतीबाईंची नजर घड्याळावर होती. त्यांनी पूर्ण मिनिट मोजलं. एकशे अठरा.

बाळाचा ठोका मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ. आईचा सत्तर-ऐंशी. पण आई घाबरलेली असली, आजारी असली, की तिचाही एकशे वीसला जाऊन पोहोचतो. त्या पुढे सरसावल्या. “एक मिनिट. मला हिची नाडी बघू द्या.”

सेवक आडवा आला. “आजी, साधनेत व्यत्यय नको.”

“मॅडम, आज नको,” गोजराबाईही कळवळून म्हणाल्या. “तुमच्या पाया परते. आज चांगला दिस हाय.”

लोकांनी त्यांना अदबीनं, पण धरूनच, बाहेर काढलं.

त्या जिना चढून वर गेल्या. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या शालीत गुंडाळलेली एक डबी होती. तिला सेल घातले. घरात जेली नव्हती, म्हणून खोबरेल तेलाची बाटली घेतली. अर्ध्या तासानं त्या दुसऱ्या मजल्यावर गोजराबाईंच्या दारात उभ्या होत्या.

भाविका पलंगावर पडली होती. “डोकं ठणकतंय, मॅडम. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण टेन्शन नाही, महाराज बोलले ना.” तिचा नवरा कुंदन न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर घेऊन रांगेत उभा होता. तिनं त्याला आताचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आणि त्यानं उलट हात जोडलेली चित्रं पाठवली होती.

“गोजराताई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं.”

“दवाखान्यात दोन गेली, मॅडम.” गोजराबाई भाविकाच्या उशाशी बसल्या. “दोनी वेलला मशीन लावली, नि बाई बोलली, ठोका नाय. मशीन लावली नसती तर? कोन सांगतं? आता हितं ठोका हाय. समद्या गावानं ऐकला. नि तुमी मना परत तितंच न्यायला सांगताव.”

वैजयंतीबाईंना राग आला नाही. दोनदा चटका बसलेली बाई होती ती, मूर्ख नव्हती. त्यांनी शालीतून डबी काढली.

“तुमच्या महाराजांच्या दगडाखाली हेच आहे. मी बनवलंय. ऐका.”

त्यांनी तेल लावलं, डबी टेकवली. तीच शिट्टी, तोच धबक धबक. गोजराबाईंचं तोंड उघडं राहिलं.

“आता हिचं मनगट धरा. अंगठ्यानं नाही, बोटांनी. ठोका लागला की ‘हां’ म्हणा. डोळे मिटून घ्या.”

गोजराबाईंनी डोळे मिटले. “हां,” त्या म्हणाल्या. “हां. हां. हां. हां.” डबीतला आवाज आणि त्यांचा हुंकार एकावर एक पडत होते. एकही मागेपुढे होत नव्हता. दहा-बारा ठोक्यांनंतर त्यांचा ‘हां’ हळू झाला, मग नुसते ओठ हलले, आणि मग तेही थांबले. बोटं मात्र मनगटावरच होती.

“ही तर हीच हाय,” त्या म्हणाल्या.

वैजयंतीबाईंनी डबी पोटावर सगळीकडे फिरवली. बेंबीच्या खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. त्या दुसरा, वेगळा, पळता आवाज शोधत होत्या. पाच मिनिटं शोधूनही तो सापडला नाही. त्यांनी हजारो बायकांच्या पोटांवर हे यंत्र फिरवलं होतं, आणि आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण ते बनवलं नसतं तर बरं झालं असतं.

भाविका छताकडे बघत होती. “मॅडम, मग ते खाली वाजत होतं ते मीच होते?”

“हो, बाळा.”

गोजराबाईंनी स्वतः खाली जाऊन रिक्षा थांबवली. दवाखान्यात पडद्यावर बाळ दिसलं, हृदय दिसलं, ते हलत नव्हतं. भाविकाचा रक्तदाब इतका वाढला होता की आणखी उशीर झाला असता तर तीही हाताला लागली नसती. वैजयंतीबाईंनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, काल दुपारी आणलं असतं तर? डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. “कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण कदाचित वाचलं असतं.” दुसऱ्या दिवशी भाविका बाळंत झाली. मुलगी होती. कुंदननं तिला एकट्यानं खाडीकाठी पुरायला नेलं, तेव्हा ती दुपट्यात गुंडाळलेली होती आणि तिचे केस दाट होते.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर महाराजांनी गाशा गुंडाळला असेल. छे. पुढच्या गुरुवारी गाळा आणखी भरला होता. बातमी पसरलीच होती, आणि महाराजांनी ती वायाही घालवली नाही. माइकवर ते गहिवरले.

“आपल्या एका माउलीचा गर्भ समाधीतून थेट ब्रह्मात विलीन झाला. घरच्यांनी घाई केली, मशीन लावली. तरी केवढं भाग्य. कूस पवित्र झाली.”

गोजराबाई दारात उभ्या होत्या. आठ दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. त्यांच्या मागे वैजयंतीबाई आणि कुंदन. गोजराबाई रांग ओलांडून सरळ पुढे गेल्या. मालकीणच ती, अडवणार कोण? त्या खुर्चीत बसल्या.

“महाराज, माज्या पोटाला लावा.”

“आई, तुमचं वय…”

“बासष्ट. लावा.”

लोक हसले. महाराजांना वाटलं, म्हातारी दुःखानं भ्रमिष्ट झाली. पण सगळे फोन वर झाले होते, मागे सरायला जागा नव्हती. शिवाय त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं की स्फटिक काय ऐकतो. त्यांनी लेप लावला, स्फटिक टेकवला. शिट्टी, खरखर, आणि गाळाभर धबक… धबक… धबक.

गोजराबाई उभ्या राहिल्या. “माजी पिशवी काढून बारा वर्स जाली. आता सांगा, आत कोन हाय?”

कुणी हसलं नाही. महाराज गडबडले, पण क्षणभरच. “ज्येष्ठ मातेच्या उदरात पूर्वजांचा नाद असतो.”

“मंग तुमच्या उदरात लावा.”

“पुरुषाच्या देहाला हा स्फटिक…”

कुंदननं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ट्रेलरचं स्टिअरिंग फिरवणारे हात होते, महाराजांनी फार ताणलं नाही. त्यानं उरलेला लेप स्वतःच्या गळ्याच्या बाजूला फासला आणि बैठक टेकवली. चारही स्पीकर घुमले. मग त्यानं कुणाला काही न विचारता ती महाराजांच्या कफनीच्या गळ्यात, मानेवर दाबली. तिथेही ब्रह्म वाजलं. जरा जास्तच घाईत वाजलं.

वैजयंतीबाईंनी पर्समधून पेचकस काढला. पितळी बैठकीचे चार स्क्रू निघाले आणि आतून करडी डबी बाहेर आली. दगड नुसता वर बसवलेला होता. डबीच्या पाठीवर अजून ‘ठोका’ असा शिक्का वाचता येत होता. झाकणाच्या आतला कागद मात्र कुणीतरी नखांनी खरवडून काढला होता.

“हे माझं यंत्र आहे,” त्या म्हणाल्या. त्यांना माइक लागला नाही. “यात आत्मा नाही, ओम नाही, समाधी नाही. आत स्फटिकाच्या दोन चकत्या आहेत. जिथे रक्त पळतं तिथे ते वाजतं. बाळाचं असो, आईचं असो, या बुवाचं असो. त्याला फरक कळत नाही. फरक आपल्याला कळायला हवा. भाविका घाबरली होती म्हणून तिचं काळीज पळत होतं, आणि या माणसानं तिची भीतीच तिला बाळ म्हणून ऐकवली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता प्रत्येकीनं स्वतःचं मनगट धरा.”

पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीनं धरलं, मग दुसरीनं. वैजयंतीबाईंनी डबी एकेकीच्या पोटावर ठेवली. सातव्या महिन्यातल्या एका बाईच्या पोटात दोन आवाज निघाले, एक तिच्या बोटांखालचा संथ आणि दुसरा त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाचा. ती रडायला लागली. “हे बाळ,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “आणि हे तुला कळलं ते मी सांगितलं म्हणून नाही. तू मोजलंस म्हणून. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका. मोजा. जो माणूस मोजू देत नाही, विचारू देत नाही आणि दवाखान्यात जाऊ नको म्हणतो, त्याच्या दारात चपला काढू नका.”

कुंदननं आणि गोजराबाईंनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पोलिसांनी महाराजांना नेलं तेव्हा दहा-बारा माणसं जीपच्या पाया पडली. दोन सासवा वैजयंतीबाईंना तळतळाट देऊन गेल्या. पनवेलला दुसरे कुणी बसतात, असंही त्यांतली एक म्हणाली. सगळे शहाणे झाले, असं लिहायला मला आवडलं असतं.

महिन्यानं कुंदन तिसऱ्या मजल्यावर आला. वैजयंतीबाईंनी त्याला चहा दिला. मग त्यानं फोन पुढे केला.

“मॅडम, माझ्याकडे दोन रेकॉर्डिंग आहेत. एक त्या दिवसाचं, आणि एक त्याच्या महिनाभर आधीचं. गाडीत मी दोन्ही ऐकायचो. यातली माझी मुलगी कुठली, की दोन्हींत भाविकाच?”

वैजयंतीबाईंनी घड्याळ काढलं. त्या दिवसाचं एकशे अठरा भरलं, ते त्यांना माहीतच होतं. महिनाभर आधीचं त्यांनी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मोजताना डोळ्यांत पाणी आलं आणि काटा दिसेना. एकशे चव्वेचाळीस. आणि त्या आवाजाच्या मागे, नीट कान दिला तर, दुसरा एक संथ ठोकाही होता.

“ही तुमची मुलगी,” त्या म्हणाल्या. “मागे संथ आहे ती भाविका.”

त्यानं ते एक ठेवलं आणि दुसरं पुसून टाकलं.

तो गेल्यावर वैजयंतीबाई टेबलाशी बसल्या. मनगट, पोट, सगळं त्यांनी लिहिलं होतं. पण यंत्र कोणत्या वेळी वापरायचंच नाही, हे लिहायचं त्यांना पंचवीस वर्षांपूर्वी सुचलं नव्हतं. आपलं यंत्र नेहमी शहाण्या हातात असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बुवाचं पाप बुवाचं, पण ही चूक त्यांची होती, आणि ती त्यांनी स्वतःपासून लपवली नाही.

आज तो तिसरा गाळा बंद असतो. गोजराबाईंनी ‘गर्भनाद’चा बोर्ड उतरवून शटरवर मोठ्या अक्षरांचा कागद चिकटवलाय. पावसानं खराब झाला की त्या नवा लावतात. येणारीजाणारी पोटुशी बाई दिसली की तिला थांबवून तो वाचायला लावतात, आणि वाचता येत नसेल तर स्वतः पाठ म्हणून दाखवतात:

‘आधी मनगट, मग पोट. आणि बाळ हलायचं थांबलं, तर कुठलाही आवाज ऐकत बसू नका. दवाखान्यात जा. आजच जा.’